चाखून दिलेला पाव

मुलुंड (पूर्व), मुंबई
८ जुलै १९८४

चिरंजीव नंदकिशोर यास,

ज्येष्ठ, स्थूल आणि वर्षाकाळी किंचित दमेकरी अशा बंधूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथील क्षेम यथास्थित आहे, म्हणजे पूर्वीइतकेच अस्थिर आहे. सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून दोन पक्ष पडले असून उभय पक्षांनी मला मध्यस्थ नेमले आहे. मी कोणाचेच ऐकत नाही याविषयी दोघांचेही एकमत आहे. शाळेत मी नववीला संस्कृत शिकवतो आणि नववी मला वैराग्य शिकवते. सौ. सुनंदाची कंबर बरी आहे. निदान तिच्याविषयीच्या तक्रारींत घट झाली आहे, आणि त्या घटीचे कारण तुझ्या घरून आलेले आहे.

चि. उत्तरा सुखरूप आहे. तुझ्या सहकारी दांपत्याने विमानतळावर तिला आमच्या स्वाधीन केले तेव्हा तिने दोन्ही गुडघे किंचित वाकवून नमस्कार केला. सुनंदाने दिलेला पेढा तिने एका हाताने घेतला नाही, दोन्ही हातांची ओंजळ करून घेतला. सुनंदा त्या क्षणी विरघळली. "बघा, परदेशात राहून भावोजींनी काय वळण लावलंय! नाहीतर आपल्या बिल्डिंगमधली कार्टी!" असा तिने भर विमानतळावर तुझा गौरव केला. गणिताचा शिक्षक कन्येस इतके सौजन्य शिकवू शकतो, याचे मला आश्चर्य वाटले. परंतु गौरव भावाचा होत असल्याने मी मान डोलावली.

तिला माझ्याच शाळेत पाचवीत घातले आहे. तिचे मराठी शुद्ध आहे. किंबहुना अतिशुद्ध आहे. आपल्या मजल्यावरच्या शकुने तिला विचारले, "काय गं, कसं वाटतं मुंबईत?" त्यावर ही म्हणाली, "मला अजून ठरवायचे आहे." शकु माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ही तुमचीच हां. डिट्टो."

आता मुख्य विषय. उत्तरेची आई अनुपमा जाऊन सात वर्षे झाली, परमुलखात एकट्या पुरुषाने मुलगी वाढवणे दुर्घट, आम्हांस अपत्य नाही, तेव्हा उत्तरा आमच्या ओटीत घालावी, हा तू मे महिन्यात मांडलेला प्रस्ताव आम्ही शिरोधार्य मानला आहे. सुनंदाने तो कागद इतक्या वेळा वाचला की घड्यांवरची तुझी अक्षरे पुसट झाली आहेत. मी भटजींना विचारून ठेवले आहे. होम करा वा न करा, परंतु देणाऱ्याने मूल स्वहस्ते द्यावे आणि घेणाऱ्याने स्वहस्ते घ्यावे, त्याविना दत्तक सिद्ध होत नाही. अर्थात ते टपालाने करता येत नाही. डिसेंबरात तुझ्या शाळेस सुट्टी लागली की तू ये. मार्गशीर्षातील एक मुहूर्त मी अडवून ठेवला आहे. सुनंदाने तोवर तिच्यासाठी फ्रॉक शिवण्याचा कारखाना उघडला आहे.

एक क्षुल्लक बाब. कन्येचा आहार मित आहे. सुनंदाने घारगे केले, साटोऱ्या केल्या, आटवलेल्या दुधाची बासुंदी केली. मुलगी "छान आहे, काकू" म्हणते आणि दोन घासांत उठते. एकदाच तिने आपण होऊन काही मागितले. तुमच्याकडे म्हणे कोवळ्या कणसांचे दाणे वाटून, किंचित गोड करून, कणसाच्याच पानांत बांधून वाफवलेला पाव असतो. तिकडचे आफ्रिकी लोक त्यास 'सिंख्वा सेंबिला' म्हणतात. नाव एखाद्या पुराणातील राजकन्येस शोभावे असे आहे. तुझ्याकडे स्वयंपाकास असलेली बाई तो उत्तम करते असे दिसते. उत्तरा तिला 'माके' म्हणते. तिला कृती विचारून उलटटपाली कळव. येथे कणसांचा मोसम सुरू झाला आहे आणि सुनंदा पदर खोचून उभी आहे.

कळावे, लोभ आहेच.

तुझा दादा,
विद्याधर


मुलुंड (पूर्व)
१४ ऑगस्ट १९८४

चिरंजीव नंदकिशोर यास आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. त्यास पत्र म्हणणे हे अतिशयोक्तीचे उदाहरण म्हणून मी नववीस देणार आहे. परदेशी टपालाचा तो निळा कागद तू जवळजवळ कोराच धाडलास. कृतीविषयी तुझी दोन वाक्ये: "ती बाई आता नाही. उत्तरेला विसरू द्या, वरणभात खाईल." नंदू, पायऱ्या न दाखवता केवळ उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास तू गुण देत नसशील. मीही दिलेले नाहीत.

तथापि तुझ्या वहिनीचा उत्साह कृतीवाचून अडणारा नव्हे. नागपंचमीस आपल्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तव्यावर काही टाकत नाहीत; जे करायचे ते उकडून. तेव्हा वाफवलेल्या पावास हाच दिवस योग्य, असा तिने निर्णय दिला. सोललेली कणसे आली. दाणे बोटांनी सुटे केले. शकु दारात उभी राहून मालवणीत मार्गदर्शन करू लागली. "अगो सुनंदा, नुसतो मको काय लागतलो? गूळ घाल, खोबरा घाल! हळदीच्या पानात गुंडाळ, मग बघ वास कसो सुटता!" सुनंदाने गूळ घातला, खोबरे घातले, वेलची घातली, हळदीच्या पानांत गुंडाळून मोदकपात्रात ठेवले. नैवेद्य झाला. पदार्थ अप्रतिम होता. परंतु ती मक्याची पातोळी होती. मजल्यावरच्या तीन घरांत वाटला गेला आणि तिन्ही घरांतून "झकास" असा निकाल आला.

उत्तरेने दोन्ही हातांनी बशी घेतली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "छान आहे, काकू."

शाळातपासणीस येणारे अधिकारी शेरेबुकात असेच 'छान' लिहितात, आणि त्यानंतर कधी परत येत नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी ती माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

"काका, मी करू?"

"काय करतेस?"

"तो पाव. पण कणसं तुम्ही आणायची. सोललेली नाही आणायची. आणि दाण्याला नख लावून बघायचं. दूध आलं पाहिजे."

मी नाहूरच्या बाजूस रस्त्यालगत बसणाऱ्या भाजीवालीकडे गेलो आणि तिच्या प्रत्येक कणसाचे पान ओढून, दाण्यास नख लावून दुग्धपरीक्षा करू लागलो. "ओ मास्तर, घ्यायचं तर घ्या, गुदगुल्या कसल्या करताय?" असा त्या बाईने मला जाहीर प्रश्न केला. कणसे मात्र उत्तम होती.

मग मी जे पाहिले ते तुला सांगण्याजोगे आहे. मुलीने मिक्सर नाकारला. "त्यात पाणी होतं," म्हणाली. सुनंदाचा माळ्यावरचा पाटा खाली काढवला. गुडघ्यांवर बसून, पुढे झुकून, सबंध अंगाने वाटू लागली. आपल्या बायका वाटतात तशी नव्हे, काहीशा निराळ्या लयीत. मीठ, थोडी साखर, लोण्याचा एक गोळा, चिमूटभर सोडा. दाणे काढलेली बुरकुंडे सुनंदा केरात टाकणार तोच ही म्हणाली, "नको, काकू, ती खाली लागतात." पातेल्याच्या तळाशी तिने ती बुरकुंडे आडवी रचली, त्यांना बुडवील एवढेच पाणी घातले, आणि पानांत बांधलेल्या पुरचुंड्या वर मांडल्या. झाकण ठेवले आणि समोर मांडी घालून बसली. सुनंदा झाकण उचलायला गेली तर तिने मान हलवली. मग ती हलकेच काहीतरी गुणगुणू लागली. शब्द माझ्या कोणत्याही भाषेतले नव्हते. इथे आल्यापासून तिला गाताना आम्ही प्रथमच ऐकले. तुझी वहिनी ओट्यास टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा कसा होता ते लिहिण्यास मजजवळ विशेषण नाही, हे माझ्यासारख्या मनुष्याने लिहावे यावरून काय ते ओळख.

पाव झाला. चव सौम्य, गोडी साखरेची की कणसाची याचा निकाल लागू नये अशी. खरवसासारखा ओलसर, परंतु दाताखाली किंचित रवाळ. मी दोन पुरचुंड्या संपवल्या.

मधे एक लहानसा प्रसंग झाला तो नोंदवून ठेवतो. पाव उलगडल्यावर उत्तरेने एक तुकडा मोडला, तो आमच्यादेखत स्वतःच्या तोंडात घातला, चावला, गिळला, आणि मग त्याच पावाचा उरलेला भाग दोन्ही हातांनी सुनंदेपुढे धरला. सुनंदा म्हणाली, "अगं, उष्टं कसं देतेस? आणि देवाला दाखवायचाय अजून." रागावून म्हणाली नाही, आपल्या घरातील कोणीही जे म्हटले असते तेच म्हणाली. नवी पुरचुंडी काढून देवापुढे ठेवली आणि मग सर्वांना वाढले. मुलीचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग तिने तो तुकडा आपल्या ताटलीत ठेवला. नंतर तो तिने खाल्ला नाही. दुसराही नाही.

तेव्हापासून तिचा आहार किंचित मंदावला आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिले आहे, हवापालट म्हणाले. चिंतेचे कारण नाही. सुनंदाच्या मनात येते की मुलीचे चित्त अधांतरी आहे, एकदा विधी झाला की स्थिरावेल. तेव्हा मार्गशीर्षाची वाट न पाहता दिवाळीतच उरकता येईल काय? तू रजा काढून येऊ शकलास तर पाहा. ही सर्वस्वी सुनंदाची कल्पना आहे. मी केवळ लेखनिक.

तुझा,
दादा


मुलुंड (पूर्व)
१६ सप्टेंबर १९८४

नंदू,

गेल्या पत्रातील 'किंचित' हे विशेषण मी परत घेत आहे. 'चिंतेचे कारण नाही' हे वाक्यही. वास्तविक ते लिहितानाच मला ठाऊक होते. तुझ्या पत्राला मी शून्य गुण दिले होते. माझ्या पत्रास किती द्यावेत ते तू ठरव.

गणपती बसण्याच्या आधीच्या आठवड्यात उत्तरा शाळेच्या प्रार्थनेत, रांगेत उभी असता, कोसळली. मी समोरच होतो. मी तिला उचलले. दप्तर उचलावे तशी ती उचलली गेली, आणि माझा हात जड वजनाच्या तयारीने गेलेला असल्यामुळे मी स्वतःच मागे झोकांडलो. पोरे हसली. त्यानंतर मी शाळेत कोणताही विनोद केलेला नाही, याची तुला नोंद असावी.

घाटकोपरला लहान मुलांचे एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांजकडे नेले. सुनंदा कंबरेमुळे येऊ शकली नाही. त्यांनी सर्व तपासले, रक्त काढले, दोन दिवसांनी पुन्हा बोलावले आणि म्हणाले, रोग काही नाही. मग चष्मा पुसत विचारले, "मुलीची आई कुठे असते?"

मी म्हणालो, "आई नाही तिला. सात वर्षं झाली."

टेबलावर आडवी असलेली उत्तरा छताकडे पाहत म्हणाली, "आहे. ती शाळेत शिकवते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी उत्तरेकडे पाहिले. त्या खोलीत पंखा बरा चालत होता, एवढेच मला नंतर आठवले.

दवाखान्याबाहेर एक बाकडे आहे, तेथे आम्ही बसलो. मी तिला शहाळे घेऊन दिले. ते तिने दोन्ही हातांनी धरले, पण ती प्यायली नाही. पुढील संभाषण मी शब्दशः देतो, कारण त्यात माझे एकही वाक्य विशेष नाही.

"उत्तरा, माके म्हणजे काय गं?"

"आई."

"ती तुमच्याकडे स्वयंपाक करते ना?"

"बाबा पण करतात. भाकरी बाबा करतात. तिची मोडते."

"आणि राहते कुठे?"

"घरी." मग तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू प्रश्न विचारणाऱ्याची तिला कीव आली. "आम्ही तिघं राहतो, काका. ती बाबांच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिचं नाव सिबोंगिले. बाबा म्हणाले होते, मुंबईत हे सांगायचं नाही."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तिनेच पुढे विचारले, "बाबा म्हणाले, आता काकू तुझी आई. मग माके कोणाची?"

याचे उत्तर तू देऊ शकतोस काय?

नंतर तिने अगदी हळू आवाजात विचारले, "काका, त्या दिवशी काकूला पावाची भीती वाटली का? मी खाऊन दाखवला होता."

"खाऊन दाखवला म्हणजे?"

"माके आधी स्वतः खाते, मग देते. करणाऱ्यानं आधी खायचं. म्हणजे घेणाऱ्याला कळतं की यात वाईट काही नाही. सगळ्यात मोठं माणूस असेल तर नक्की असंच द्यायचं. मी काकूला पहिल्यांदा दिलं."

नंदू, आपल्या घरात जी गोष्ट अपमानाची, ती त्या घरात मानाची. मुलीने आपल्याजवळचा सर्वांत मोठा मान सुनंदेपुढे धरला होता आणि आम्ही तो तिच्या ताटलीत परत पाठवला. यात कोणाचा अपराध नाही. तिला आमचे ठाऊक नव्हते, आम्हांला तिचे. परंतु तुला दोन्हीकडचे ठाऊक होते, आणि तू लिहिलेस, "ती बाई आता नाही. विसरू द्या."

तू असे का केलेस ते मी ओळखू शकतो. उद्या मुलीचे लग्न निघेल, लोक घर विचारतील. मुलुंडचे मास्तरांचे घर सांगता येईल, ते घर सांगता येणार नाही. मुलीस स्वच्छ नाव मिळावे म्हणून तू तिला आमच्या पदरात टाकत होतास. आणि दादाला हे सत्य सांगितले तर दादा काय म्हणेल, याचे तू मनोमन गणित केलेस. ते गणित चुकले असते तर मला आज फार बरे वाटले असते. ते बरोबर होते. मे महिन्यात तू मला हे लिहिले असतेस तर मी तुला चार पाने अस्खलित, संस्कृतप्रचुर, सुभाषितमंडित असे काहीतरी लिहिले असते, आणि ते वाचून ती बाई खरोखरच घर सोडून गेली असती.

आता यापुढील मजकूर मी तीन दिवस टाळला आहे.

घाटकोपरहून आल्यावर मी सुनंदेस काही सांगितले नाही. मी वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, पिता विधुर आहे, त्याची एकट्याची संमती पुरेशी आहे. अन्य कोणी स्त्री असेल तर कायद्यास ती दिसत नाही. माझ्या मनाला इतका हलकेपणा आला की मी त्याच्या कार्यालयातच चहा मागवला. मी विचार केला: बालबुद्धी आहे, विसरेल. दिवाळीपर्यंत विसरेल. तोवर सलाइन लावू, इंजेक्शने देऊ. असा विचार मी केला, नंदू. मीच.

मग सुनंदेस सांगितले. ती बिथरेल, तुझ्यावर संतापेल आणि म्हणेल की अशा घरात मुलगी परत धाडायची नाही, अशी माझी अपेक्षा होती. खरे तर मला तिचा तो संताप हवा होता. ती तांदूळ निवडत होती. निवडणे थांबले नाही.

"मास्तरीण आहे?" तिने विचारले.

"हो."

"तीन वर्षांची होती तेव्हापासून सांभाळलं तिनं?"

"तसं दिसतं."

"मग विचारलं का तिला?"

"कोणाला?"

"अहो, तिला! मूल देतेस का म्हणून."

"सुनंदा, कायद्याच्या दृष्टीने तिचा काही संबंध..."

"कायदा तुमचा तुमच्याजवळ ठेवा. मी विचारतेय, विचारलं का?"

मी म्हणालो, की तुझी किती इच्छा होती हे मी पाहिले आहे, केवळ तुझ्यासाठी मी...

तिने सूप खाली ठेवले. "माझ्या नावावर बिलं फाडू नका. इच्छा होती, अजून आहे. रोज सकाळी तिची वेणी घालताना असते. पण दिवाळीचं मी म्हटलं नव्हतं. ते तुम्ही म्हटलंत आणि माझ्या नावानं लिहिलंत. तुम्हालाच हवीये ती. ती 'मला अजून ठरवायचे आहे' म्हणाली ना, त्या दिवसापासून तुम्ही गेलात कामातून."

बत्तीस वर्षांच्या संसारात मला प्रथमच असे वाटले की मी गद्यात पकडला गेलो.

हे खरे आहे. लिहून टाकतो. टाकीच्या भांडणातून घरी येताना मला उशीर होऊ नये असे वाटू लागले होते. वर्गात एखादा विनोद सुचला की तो हिला सांगायचा म्हणून मी राखून ठेवू लागलो होतो. ती कधी हसत नसे, परंतु पूर्ण ऐकून घेई आणि मग म्हणे, "हा मागच्यापेक्षा बरा आहे." अशी श्रोती मला जन्मात लाभली नव्हती. तिचे वजन उतरत होते आणि मी तिला विनोद सांगत होतो.

सुनंदा पुन्हा सूप घेऊन बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दुसरीच्या पानातलं ओढून घ्यायला निघालो आपण. तेही ती जेवत असताना."

त्या संध्याकाळी तिने उत्तरेस जवळ बोलावले. मी दारात होतो.

"उत्तरा, तो पाव पुन्हा करतेस? मला दे. तू खाऊन दे."

"आता होणार नाही, काकू. कणसं जून झाली. दूध नाही येत."

"बरं." सुनंदाने तिची वेणी सारखी केली. "तुला घरी जायचंय?"

मुलगी खाली पाहत म्हणाली, "तुम्ही रागवाल?"

"रागवीन," सुनंदा म्हणाली. "पण तू जा."

मग उत्तरा रडली. आली तेव्हापासून एकदाही न रडलेली मुलगी इतकी रडली की शकु धावत आली. "काय झालं गं? सर, मारलंत की काय पोरीला?" असे तिने मला झापले, आणि कोणी काही सांगेना तेव्हा तीही बसून रडू लागली. रात्री मुलीने भात मागितला. मग पुन्हा मागितला. सुनंदा वाढत होती आणि मी ताटाकडे पाहत नव्हतो, कारण सुनंदेकडे पाहणे तर मला अशक्यच होते.

तेव्हा माझे म्हणणे असे. भटजींना मी कळवले आहे की दत्तकविधान होणार नाही. त्यांनी कारण विचारले. मुलीची आई हयात आहे, असे मी सांगितले. ते म्हणाले, तुम्ही तर नाही म्हणाला होतात. मी म्हणालो, माहितीत चूक होती.

तू डिसेंबरात ये, आणि एकटा येऊ नकोस. 'ती बाई आता नाही' हे तू मला थाप मारण्यासाठी लिहिले असलेस तर मी तुला क्षमा करीन. आणि ते खरे झाले असेल, मूल नेल्यावर त्या घरात थांबावेसे तिला वाटले नसेल, तर तू आज, हे पत्र हातात असतानाच, ती जेथे असेल तेथे जा. दारात उभा राहा. तिने आत घेतले नाही तरी उभा राहा. उत्तरा सांगते की निघताना माके दारातच उभी होती, आणि तू तिला विमानतळावर येऊ दिले नाहीस. ती बोलली असती का, रडली असती का, मला ठाऊक नाही. परंतु तिला तेथवर येऊ द्यायला हवे होतेस.

तुम्ही दोघे आमच्या घरी उतराल. इमारतीत प्रश्न विचारले जातील. शकु तर जिन्यातच विचारील. "ही माझी भावजय," असे मी सांगणार आहे. काल स्नानगृहात मी हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले. पहिल्या खेपेस आवाज कापला, दुसऱ्या खेपेस तो सभापतीसारखा आला. डिसेंबरपर्यंत तो माणसासारखा यावा असा माझा अभ्यास चालू आहे. सोवळ्याओवळ्याचे काय, ते सुनंदा पाहून घेईल. ती म्हणाली आहे, "मला जमेल तेवढं जमेल, नाही जमलं तर तिला सांगेन की नाही जमत."

मुलीला आम्ही 'डिसेंबराला किती दिवस राहिले' ते विचारत नाही. ती आपण होऊन सांगते. तिचे फ्रॉक सुनंदा अजून शिवते आहे. मी विचारले, आता कशाला? ती म्हणाली, तिकडे काय पानं गुंडाळून फिरणार आहे का ती?

प्रकृतीस जप. माझे पत्र सिबोंगिलेस वाचून दाखवशील तेव्हा विनोद गाळलेस तरी चालेल. परंतु पावाविषयीचा मजकूर गाळू नकोस, आणि त्या पावाच्या दोन पुरचुंड्या मी खाल्ल्या होत्या हे अवश्य सांग.

चि. नंदकिशोर आणि सौ. सिबोंगिले यांस आम्हां उभयतांचे आशीर्वाद. हे 'सौ.' मी लिहून टाकले आहे. ते खरे करणे तुझे काम.

उत्तरेचा काका,
विद्याधर